बडेबाबूंच्या सात मिरच्या

कुंडीचा सातबारा निघत नाही, हे रूपराव उमाटे यांना वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी कळलं. तेहतीस वर्षं वर्ध्याच्या एका सरकारी कार्यालयात बसून त्यांनी लोकांना "एक कागद कमी आहे" असं सांगितलं होतं. हेच वाक्य काचेच्या अलीकडून ऐकताना कसं वाटतं, तेही त्यांना त्याच आठवड्यात कळलं. पण ही गोष्ट डिसेंबरातली. सुरुवात जूनमध्ये झाली, आणि ती हिरालालशेठच्या बाकड्यावर झाली.

हे बाकडं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. पवनारच्या त्या गल्लीत रूपरावांच्या घरासमोरच हिरालालचं किराणा दुकान. दुकानाबाहेर एक सागवानी बाकडं, आणि त्या बाकड्याचं डावं टोक रूपरावांचं. निवृत्त माणसाला घरात मानाची जागा असते असं म्हणतात, पण ती नेमकी कुठे असते ते कोणी दाखवत नाही. स्वयंपाकघरात बसलं की जयाबाई म्हणत, "अजी, पाय घ्या." बैठकीत बसलं की म्हणत, "दिवसा पंखा काऊन लावला?" उरलं बाकडं. सकाळी आठ ते साडेदहा रूपराव तिथे बसून मोठ्यानं पेपर वाचत आणि हिरालाल पुड्या बांधता बांधता ऐकत. कोणी अर्ज घेऊन आला तर रूपराव तो भरून देत आणि समास सोडायला विसरल्याबद्दल त्याला दोन शब्द सुनावत. नोकरीतलं "बडेबाबू" हे नाव आता फक्त तिथेच शिल्लक होतं. घरापासून बाकड्यापर्यंत चौदा पावलं होती. तेवढी चालली की माणूस पुन्हा बडेबाबू व्हायचा.

तर जूनमधल्या एका सकाळी रूपरावांनी पेपरातून वाचून दाखवलं की आसामात एक भूत मिरची होते, आणि तिचा लेप कुंपणाला लावला की हत्तीसुद्धा शेतात शिरत नाहीत.

"पेपरवाल्याले का, लिहून राह्यला," हिरालाल तराजूवरची नजर न काढता म्हणाला. "आपल्या भिवापुरीच्या वर मिरची नाई. चाळीस वर्षांपासून इकून राह्यलो."

"छापील आहे, हिरालालभाऊ," रूपराव म्हणाले. छापील गोष्टीवर शंका घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"मंग दाखवा आणून."

विषय इथेच संपला असता. पण रूपरावांचा पुतण्या धनंजय फौजेत, आणि त्याची बदली तेव्हा आसामात झालेली. पंधरा दिवसांनी तो सुटीवर आला तो एका कागदाच्या पुडीत बारा बिया घेऊन. "काका, जपून बरं," तो म्हणाला, "आमच्या मेसमदल्या आचाऱ्यानं एकडाव चुकून डोळ्याले हात लावला, तं दोन दिवस सुटी टाकली त्यानं." रूपरावांनी पुडीवर दिनांक टाकला आणि सही केली.

बारा बिया बारा कपांत लावल्या. सव्वीस दिवस काहीही झालं नाही. या सव्वीस दिवसांत गल्लीतल्या प्रत्येकानं माडीवर येऊन कप पाहिले. शेजारचे प्रेमदास, एसटीतले निवृत्त ड्रायव्हर, म्हणाले की बी ताकात भिजवायला पाहिजे होतं. आरोग्य केंद्रातली वर्षाली सिस्टर म्हणाली, कोमट पाण्यात. हिंगणीहून मोठे बंधू तानबाजी आले. त्यांनी कपांकडे पाहिलं, मग रूपरावांकडे पाहिलं आणि म्हणाले, "वावर सोडून तू हापिसात गेला, हे वावराच्या फायद्याचंच झालं." सत्ताविसाव्या दिवशी अकरा कपांनी राजीनामा दिला आणि बाराव्यात हिरवा ठिपका दिसला.

रूपरावांनी त्याच दिवशी एक नोंदवही उघडली. तिच्यात चार रकाने होते: दिनांक, सूचना करणाऱ्याचे नाव, सूचनेचा गोषवारा, केलेली कार्यवाही. सरकारी नोकरीनं त्यांना एक गोष्ट शिकवली होती, की आलेली सूचना पडून राहता कामा नये. त्यामुळे प्रेमदास म्हणाले ताक घाला, तर ताक घातलं. वर्षाली म्हणाली गुळाचं पाणी, तर गुळाचं पाणी घातलं. कोणी राख सांगितली, कोणी हिंगाचं पाणी, कोणी तांदळाचं धुवण. एका सूचनेची कार्यवाही दुसरीच्या आड येत असेल अशी शंका त्यांना आली नाही, कारण कार्यालयात अशी शंका घेण्याची पद्धत नव्हती.

हिरालाल एकच गोष्ट सांगत होता. "बडेबाबू, पाणी कमी द्या. मिरचीले पायात वल चालत नाई."

हा माणूस मिरची तोलतो, पिकवत नाही, असा विचार करून रूपरावांनी त्याच्या नावासमोर लिहिलं: विचाराधीन.

कसंही असो, कपातून कुंडीत गेलेलं झाड वाढलं. दसऱ्यापर्यंत कमरेला आलं, दिवाळीत फुलांनी भरलं आणि नोव्हेंबरच्या शेवटी त्याच्यावर सात मिरच्या लाल झाल्या. सुरकुतलेल्या, टोकाला निमुळत्या, दिसायला जराशा रागीट. अजून चाळीसेक फुलं होती. तेव्हा हिरालाल पहिल्यांदा माडी चढून आला. गुडघे धरून जिना चढला, झाडासमोर उभा राहिला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"वा, बडेबाबू! वा! असं झाड मी जिंदगीत नाई पाह्यलं!"

रूपरावांना आयुष्यात एवढं कौतुक एकदाच मिळालं होतं, आणि ते निरोप समारंभात, जिथे ते द्यावंच लागतं. ते काहीतरी बोलणार होते, पण हिरालालमधला व्यापारी तेवढ्यात जागा झाला.

"तोडतानी रबरी मोजे घाला बरं. अन् काढतानी मनगटापासून उलटे करून काढा, बाहीरच्या बाजूले हात नका लावू. मंग हाताले आधी तेल, मंग साबण. अन् डोळ्याले तं हातच नका लावू."

या सूचनेची नोंद रूपरावांनी केलीच नाही. आता झाड यांचं, मिरच्या यांच्या, आणि मोजे कसे काढायचे हे किराणा दुकानदारानं सांगायचं!

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेनकोट चढवला, हेल्मेट घातलं, वर्षाली सिस्टरकडून आणलेले मोजे चढवले आणि सातही मिरच्या देठासकट कात्रीनं कापल्या. काम इतकं निर्दोष झालं की त्याचा अहवाल लिहावा. तेवढ्यात खाली फोन वाजला. घामानं उजव्या हाताचा मोजा निघेना. रूपरावांनी हेल्मेट काढलं आणि मोजा दातांनी ओढला.

पुढच्या पाच मिनिटांत ते जिना उतरले, असं जयाबाई सांगत. ते स्वतः म्हणत, आपल्याला काही आठवत नाही. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, त्यानं आग पसरली. मग मोजा नसलेल्या डाव्या हातानं ओठ पुसले आणि त्याच हातानं डोळे. शेवटी वर्षाली धावत आली, तिनं डोळ्यांवर गार पाण्याची धार धरली, ओठांना तेल लावलं आणि तोंडात दही कोंबलं. दोन तासांनी रूपराव बोलू लागले, पण ओठ तीन दिवस सुजलेलेच राहिले.

"काय बडेबाबू, मधमाशा चावल्या का?" बाकड्यावर प्रत्येकानं विचारलं. रूपराव तोंडाला दुपट्टा लावून बसले होते. तेव्हा हिरालाल हसला. एकदाच हसला, थोडक्यात हसला आणि लगेच मिठाची पुडी बांधू लागला. पण रूपरावांनी ते ऐकलं.

आणि नेमकं तिसऱ्या दिवशी झाडाची पानं पिवळी पडली. पाचव्या दिवशी फुलं गळाली. आठव्या दिवशी झाड मान टाकून उभं राहिलं.

प्रेमदासांनी झाड पाहून च्यक् च्यक् केलं आणि आवाज खाली आणला. "नजर लागली, बडेबाबू. पाह्याले कोण आलतं?"

इथे सांगितलं पाहिजे की रूपराव नजर वगैरे मानत नसत. कार्यालयीन कामकाजात नजरेला स्थान नसतं. पण माणूस एखादी गोष्ट मानत नसला तरी ती आपल्यालाच लागावी याचं वाईट वाटतंच. "वा बडेबाबू, वा" हे शब्द त्यांना आठवले. हिरालालनं म्हणताना थूथू केलं नव्हतं, बोटं मोडली नव्हती, "दळभद्रं आहे" असं काही बोलून वर सारवलंही नव्हतं. सरळ, उघड्या तोंडानं कौतुक केलं होतं, आणि वर दोन दिवसांनी हसला होता.

दुसऱ्या दिवशी रूपराव बाकड्यावर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी हिरालाल दुकानाच्या पायरीवरून ओरडला, "बडेबाबू, तबेत बरी नाई का? पेपर पडून राह्यला इथं!"

"काही अपरिहार्य कारणास्तव येणं होणार नाही," रूपराव दारातून म्हणाले आणि दार लावून घेतलं.

हिरालाल अडाणी नव्हता. सहाव्या दिवशी बाकड्याच्या डाव्या टोकावर खडेमिठाचं एक पोतं येऊन बसलं. रूपरावांनी ते खिडकीतून पाहिलं. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या खुर्चीवर बदली म्हणून बरेच जण टपले होते. पण त्यांच्या जागी मीठ कोणी नेमलं नव्हतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, म्हणजे दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांनी फर्मान काढलं की आजपासून समोरच्या दुकानातून काडीपेटीसुद्धा आणायची नाही.

"मंग कुठून आणायची?" जयाबाईंनी विचारलं.

"वर्ध्याहून. बस जाते."

"तुम्ही आणान?"

रूपराव आणू लागले. तूरडाळ, साखर, तेलाचा डबा, सगळं पवनारच्या बसमधून, दोन्ही हातांत पिशव्या आणि तिकीट दातांत. कंडक्टर एकदा म्हणाला, "काका, लग्न आहे का घरी?" लाल मिरच्या मात्र जयाबाईंनी येऊ दिल्या नाहीत. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "तीस वर्षं हिरालालभाऊची मिरची खाल्ली. दुसरीनं भाजीले रंगच येत नाई. घरात नसली तं नाई." डब्यातल्या मिरच्या संपल्या, तेव्हापासून उमाट्यांच्या घरी फोडणी हिरव्या मिरचीची होऊ लागली.

रूपरावांपाशी आता उरल्या होत्या फक्त त्या सात मिरच्या. आणि नेमकी त्याच वेळी वर्ध्याच्या जानेवारीतल्या कृषी प्रदर्शनाची जाहिरात आली. वाळलेल्या मिरचीचा वेगळा विभाग होता आणि अट होती: किमान सात नग. रूपरावांना यात नियतीचा हात दिसला. बाकडं गेलं तर गेलं, पण टेबलावर पाटी लागेल: रूपराव उमाटे, पवनार. पेपरात नाव छापून येईल. तो पेपर मग हिरालालला स्वतःच्या चष्म्यानं वाचू दे.

अर्जासोबत सातबारा हवा होता, पीकपेऱ्याच्या नोंदीसह. तलाठी कार्यालयातल्या तरुण मुलीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, गट नंबर?"

"कुंडी आहे."

"कुंडी कोणत्या गटात आहे?"

"माडीवर."

"कुंडीचा सातबारा नाई निघत, काका," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरीखुरी सहानुभूती होती, त्यामुळे ते जास्त लागलं.

वर्ध्यात प्रदर्शनाच्या खिडकीवर पियुष नावाचा पोरगा बसला होता. त्यानं अर्ज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "एक कागद कमी आहे." रूपराव तीनदा गेले. क्षेत्राच्या रकान्यात त्यांनी कुंडीचा व्यास मोजून, हेक्टरमध्ये काढून, दशांशचिन्हानंतर पाच शून्यं लिहिली होती. पियुष म्हणाला, संगणक एवढी शून्यं घेत नाही. तिसऱ्या खेपेला त्यालाच दया आली. "काका, एक होऊ शकते. परसबाग गटाले सातबारा लागत नाई. पण तो महिला गट आहे. काकू आहेत ना घरी?"

आणि अशा रीतीनं अर्जदार म्हणून नाव लागलं सौ. जया रूपराव उमाटे यांचं. रूपरावांनी पतीची स्वाक्षरी या जागी सही केली. त्यांनी आपल्या टेबलावर असे शेकडो अर्ज निकाली काढले होते, पण ती जागा एवढी लहान असते हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

प्रदर्शन सोमवारी. शुक्रवारपर्यंत सातही मिरच्या कडकडीत वाळल्या. रूपरावांनी त्या चिमट्यानं उचलल्या, मोजल्या, पांढऱ्या फडक्यात बांधल्या आणि कोणाचा हात लागू नये म्हणून देवघरातल्या कोनाड्यात ठेवल्या. घरात याहून सुरक्षित जागा नव्हती.

शनिवारी सकाळी जयाबाई माडीवरून उतरल्या त्या डोळे पुसत. "अजी, पाहवत नाई त्या झाडाकडे. आज शनवार आहे. मी वच्छलाबाईले बोलावते, नजर उतरवून घेऊ."

रूपराव चमकले. वच्छलाबाई म्हणजे हिरालालची आई. वय ब्याऐंशी. गल्लीतलं एकही लेकरू, एकही म्हैस आणि एकही नवी मोटरसायकल अशी नव्हती, जिची नजर तिनं काढली नसेल. तिच्यापाशी मुलाचं नाव कसं घेणार? आणि तिच्याशिवाय दुसरं कोणी बोलावलं तर गल्लीत बोभाटा.

"बोलवा," ते शेवटी म्हणाले. "पण कोणाला दिसता कामा नये. कुंडी मी खाली बैठकीत आणतो. दार लावू, खिडक्या लावू."

"खिडक्या काऊन?"

"वारा येतो," रूपराव म्हणाले. समोर दुकान आहे असं त्यांना म्हणवेना.

तिन्हीसांजेला वच्छलाबाई काठी टेकत आल्या. बैठकीत कुंडी मांडली होती, कोपऱ्यात शेगडीवर निखारे फुलले होते. रूपरावांनी दाराला कडी घातली, खिडक्या लावल्या आणि फटीला टॉवेल खोचला.

"मोहरी, खडे मीठ अन् सात लाल मिरच्या आण वं जया," वच्छलाबाई म्हणाल्या.

जयाबाई आत गेल्या. मोहरी होती, मीठ होतं, मिरच्यांचा डबा रिकामा. त्या घाबरल्या नाहीत. नवऱ्यानं सात लाल मिरच्या मोजून, पांढऱ्या फडक्यात बांधून देवापाशी ठेवलेल्या त्यांनी कालच पाहिल्या होत्या. विदर्भातल्या कुठल्याही बाईनं अशी पुरचुंडी पाहिली, तर तिला तिचा एकच उपयोग सुचेल. नवरा तोंडानं नाही-नाही म्हणतो पण मनातून मानतो, हे पाहून त्यांना बरंही वाटलं होतं. त्यांनी पुरचुंडी सोडून वच्छलाबाईंच्या हातात मोहरी-मिठाबरोबर ओतली आणि म्हातारीनं मूठ मिटली.

रूपरावांना दिसली ती मिटलेली मूठ.

"घरच्याची, दारच्याची, जिना चढून आल्याची, जिना उतरून गेल्याची," वच्छलाबाई झाडाभोवती हात फिरवत पुटपुटल्या. जिन्याच्या उल्लेखानं रूपरावांना कसंतरी झालं. सात फेरे झाले. "आता पाह्य," त्या जयाबाईंना म्हणाल्या. "ठसका नाई आला तं समज, नजर होती अन् जळाली. ठसका आला, तं नजर नव्हतीच." आणि त्यांनी मूठ निखाऱ्यांवर सोडली.

मोहरी तडतडली. मिठानं निळी ज्योत काढली. मग मिरच्यांचा धूर उठला. फार नव्हता, उदबत्तीचा असतो तेवढाच होता.

पहिला श्वास वच्छलाबाईंनी घेतला. साठ वर्षं नजरा काढणाऱ्या त्या बाईच्या तोंडून असा आवाज निघाला, की बाहेर प्रेमदासांचं कुत्रं उठून उभं राहिलं. दुसरा श्वास जयाबाईंनी घेतला आणि तिसरा घ्यायचा बेत रहित केला. रूपरावांना मात्र त्या धुरात ओळखीचं काहीतरी लागलं. हीच ती आग, दीड महिन्यापूर्वी ओठांवर होती ती. ते ओरडले, "माझ्या मिरच्या!" पण ओरडण्यासाठी श्वास घ्यावा लागतो, आणि तो त्यांनी मोठा घेतला.

जयाबाईंना कडी सापडली. दार उघडलं तसा धूर गल्लीत आला. पहिल्यांदा प्रेमदास पायरीवर येऊन शिंकू लागले, मग त्यांचं घर, मग दुकानासमोर उभी असलेली चार गिऱ्हाइकं. कोणीतरी ओरडलं, "गॅस! गॅस फुटला!" वर्ध्याकडे जाणारी एक मोटरसायकल गल्लीच्या तोंडातून परत फिरली.

"माय आत आहे माही!" हिरालाल ओरडला. त्यानं पोत्यावरचं फडकं पाण्यात बुडवलं, तोंडाला गुंडाळलं आणि गुडघेदुखीचा माणूस चौदा पावलं पाचात ओलांडून आत शिरला. आईला उचलून बाहेर आणलं. जयाबाई आपल्या पायानं बाहेर आल्या होत्या. हिरालालनं भोवती पाहिलं.

"बडेबाबू कुठं आहे?"

बडेबाबू आत होते. ते डोळे मिटून, खोकत, कुंडी ओढत होते. हिरालाल पुन्हा आत गेला. आधी त्यानं शेगडीवर कुंडीतल्याच मातीच्या दोन ओंजळी टाकल्या, मग रूपरावांना सदऱ्याच्या कॉलरला धरलं आणि गोणी ओढतात तसं दारातून बाहेर ओढलं. रूपरावांनी कुंडी सोडली नाही, त्यामुळे कुंडीही आली.

"डोळे चोळू नका कोणी!" त्यानं गल्लीला हुकूम दिला. "थंड्या पाण्याची धार धरा! हाताले तेल, मंग साबण! दही आणा, दही!" दुकानातलं सगळं दही त्यानं वाटलं. चाळीस वर्षं मिरचीच्या पोत्यांत वावरलेल्या माणसाला सगळं पाठ होतं, आणि त्या दिवशी एकाही सूचनेला कोणी विचाराधीन ठेवलं नाही.

अर्ध्या तासानं गल्ली शांत झाली. सगळे आपापल्या पायऱ्यांवर लाल डोळ्यांनी बसले होते. वच्छलाबाई बाकड्याच्या उजव्या टोकावर बसल्या, दही गिळलं आणि निकाल दिला.

"साठ वर्ष झाले, पण असा ठसका नाई पाह्यला बापा. या झाडाले कोणाचीच नजर नव्हती. मुंगीची नाई."

"नजर?" हिरालाल म्हणाला. "कोणाची नजर काढून राह्यले होते?"

जयाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. प्रेमदासांना घरात काही काम आठवलं. पोत्यावरचं ओलं फडकं अजून हिरालालच्या गळ्यात होतं.

रूपरावांनी आयुष्यात कोणाला सरळ उत्तर दिलं नव्हतं. नोकरीत तशी गरज पडली नव्हती. "तुमची," ते म्हणाले.

हिरालालनं ते ऐकलं. मान हलवली. वच्छलाबाईंनी मात्र काठीनं कुंडी जवळ ओढली, मातीत दोन बोटं खुपसली आणि नाकाजवळ नेली.

"का टाकलं रे हिच्यात? ताक? अन् पाणी किती हे! मिरची लावली का धान? मुळं सडले याचे, रूपराव. नजर कशाले पाह्यजे, तू आहे ना."

गल्ली हसली. रूपराव हसले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत हे बरंच होतं.

सोमवारी प्रदर्शनात परसबाग महिला गटात एक रिकामी बशी होती आणि तिच्यासमोर पाटी होती: सौ. जया रूपराव उमाटे, पवनार. बक्षीस अर्थातच मिळालं नाही. सहभागाची प्रमाणपत्रं मात्र आधीच छापून झाली होती, तेव्हा जयाबाईंना एक मिळालं. ते बैठकीत टांगलं आहे. त्याच्या काचेमागून अजून किंचित ठसका येतो, असं प्रेमदास म्हणतात.

मंगळवारी सकाळी आठ वाजता रूपराव दारात उभे राहिले. हातात पेपर. बाकड्यावर डाव्या टोकाला मिठाचं पोतं तसंच होतं. ते चौदा पावलं चालून गेले आणि पोत्यासमोर थांबले. हिरालाल आत गूळ फोडत होता, त्यानं वर पाहिलं नाही.

"शेठ," रूपराव म्हणाले, "हे मीठ इथे किती दिवस ठेवणार?"

उत्तर वच्छलाबाईंनी दिलं. त्या आत सुपारी कातरत बसल्या होत्या. "महिना झाला, हा रोज सकाळी ठेवते, रोज संध्याकाळी आत नेते. म्या म्हटलं काऊन रे बाबा कंबर मोडून घेते? तं म्हणे, माय, जागा खाली दिसली का प्रेमदास बसते तिथं."

हिरालालनं गुळाचा एक खडा जरा जोरातच फोडला. मग तो बाहेर आला, वाकला, पोतं उचलून खाली ठेवलं आणि फडक्यानं बाकड्याचं डावं टोक पुसलं.

"बसा," तो म्हणाला. "महिन्याचे पेपर आहेत आत. माह्याच्यानं नाई वाचून होत."

रूपराव बसले. चष्मा पुसायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मग त्यांनी डिसेंबरच्या सहा तारखेपासून सुरुवात केली. घरी गेल्यावर त्यांनी नोंदवही काढली आणि हिरालालच्या नावासमोरचं "विचाराधीन" खोडून तिथे "मान्य" लिहिलं, खाली सही केली, दिनांक टाकला.

झाड मेलं नाही. सडकी मुळं छाटून, नव्या मातीत, मोजून पाणी देऊन ते फाल्गुनात फुटलं. आता कुंडी माडीवर नसते, बाकड्याशेजारी असते, म्हणजे दोघांच्याही डोळ्यांसमोर. रोज सकाळी दुकान उघडलं की हिरालाल तिच्यासमोर उभा राहतो, नवी पानं निरखून पाहतो, कळ्या मोजतो. मग तोंड वाकडं करून गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणतो, "काय मरतुकडं झाड आहे, बडेबाबू! असं दळभद्री झाड मी जिंदगीत नाई पाह्यलं!"

"नाही ना," रूपराव म्हणतात, आणि समाधानानं पेपर उघडतात.